तय्यब : ताटातील कोंबडी आणि तिला दिलेले औषध

काही महिन्यांपूर्वी जुमाच्या नमाजनंतर आमच्या परिचयाचे एक गृहस्थ मशिदीच्या ओट्यावर थांबून राहिले. गर्दी ओसरल्यावर ते जवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, ‘‘भाईसाहेब, एक विचारायचे होते. माझी रोजी हलाल आहे ना?’’

ते ब्रॉयलर कोंबड्या पाळतात. शेड त्यांची, वीज-पाणी त्यांचे, राबणे त्यांचे आणि त्यांच्या पत्नीचे. एक दिवसाची पिल्ले, खाद्य आणि औषधे कंपनी देते. कोंबड्या वाढल्या की कंपनीची गाडी येते, वजन होते आणि किलोमागे ठरलेली रक्कम त्यांना मिळते. मरतूक वाढली तर ती रक्कम घटते. त्या खेपेस छत्तिसाव्या दिवशी कोंबड्या शिंकू लागल्या, काही खोल श्वास घेऊ लागल्या. कंपनीच्या माणसाने एक बाटली पाठवली, ती पिण्याच्या पाण्यात मिसळून देण्यात आली आणि अडतिसाव्या दिवशी गाडी आली. ‘‘औषध पोटात असताना माल गेला. तो लोकांनी खाल्ला असणार. जबह तर बिस्मिल्लाह म्हणूनच झाली असेल, पण माझे मन खात आहे,’’ असे ते म्हणाले.

हा प्रश्न ऐकून मी काही काळ निरुत्तर झालो. आपण कसायाला विचारतो की जबह कोणी केली, अल्लाहचे नाव घेतले की नाही, रक्त नीट वाहून गेले की नाही. हे विचारलेच पाहिजे. परंतु सुरीखाली येण्यापूर्वी ती कोंबडी पाच-सहा आठवडे कशी जगली, तिने काय खाल्ले, काय प्यायली, हे आपण कधी विचारले आहे काय? आज या प्रश्नाचा थोडा अभ्यास करू या.

दिव्य कुरआनने अन्नाविषयी बोलताना अनेक ठिकाणी दोन शब्द जोडीने वापरले आहेत. सूरह अल-बकराच्या 168 व्या आयतीत समस्त मानवांना उद्देशून पृथ्वीवरील हलाल आणि तय्यब वस्तू खाण्याचा आदेश आहे. सूरह अल-माइदाच्या 88 व्या आयतीत हीच जोडी पुन्हा येते आणि सोबत अल्लाहचे भय बाळगण्याची ताकीद येते. हलाल म्हणजे ज्याची अनुमती आहे ते. तय्यब म्हणजे शुद्ध, निर्मळ, हितकर, मनाला आणि शरीराला मानवणारे. व्यवहारात आपण पहिला शब्द दुकानाच्या पाटीवर लिहिला आणि दुसरा तिलावतीपुरता ठेवला.

आता त्या बाटलीकडे वळू या. तिच्यात बहुधा प्रतिजैविक, म्हणजे अँटिबायोटिक असते. कोंबडी आजारी पडली तर तिला औषध देणे गैर नाही. मुक्या जिवाला तडफडत ठेवणे हेच गैर आहे. परंतु प्रतिजैविकांचा पोल्ट्रीतील उपयोग केवळ उपचारापुरता राहिला नाही. 1950 च्या सुमारास अमेरिकेत एका औषध कंपनीचे संशोधक ब-12 या जीवनसत्त्वाच्या शोधात कोंबड्यांना प्रतिजैविकाच्या निर्मितीतून उरलेला चोथा खाऊ घालत होते. त्यांच्या लक्षात आले की या कोंबड्या अपेक्षेपेक्षा अधिक वेगाने वाढत आहेत. चोथ्यात उरलेल्या क्लोरटेट्रासायक्लिनचा तो परिणाम होता. मग निरोगी कोंबडीच्या खाद्यात रोज चिमूटभर प्रतिजैविक मिसळण्याची प्रथा जगभर पसरली. आजार नाही, वैद्य नाही, तरी औषध रोज. दुसरी प्रथा अशी की दाटीवाटीच्या शेडमध्ये आजार येईल या भीतीने सगळ्या कळपाला आधीच औषध पाजायचे. हजारो कोंबड्या एकाच छपराखाली असतात, त्यामुळे एक शिंकली तरी पाणी सगळ्याच पितात.

शरीरात गेलेले औषध तत्काळ नाहीसे होत नाही. ते रक्तातून स्नायूंत, त्याहून अधिक यकृतात आणि मूत्रपिंडात पोहोचते आणि काही दिवसांत हळूहळू बाहेर पडते. म्हणूनच शेवटची मात्रा आणि कत्तल यांच्यात काही दिवसांचे अंतर ठेवावे लागते. त्याला इंग्रजीतून आलेल्या शब्दाने विदड्रॉवल पिरियड म्हणतात; आपण त्याला थांबण्याचा काळ म्हणू. हा काळ प्रत्येक औषधाचा वेगळा असतो आणि तो बाटलीच्या लेबलवर छापावा लागतो. आपल्या देशात 2012 च्या जानेवारीत औषध नियमांत दुरुस्ती होऊन असे ठरले की लेबलवर हा काळ दिलेला नसेल, तर मांसासाठी तो किमान 28 दिवस धरावा आणि अंड्यांसाठी किमान 7 दिवस.

हा 28 चा आकडा ब्रॉयलरच्या आयुष्याशेजारी ठेवून पाहा. ही कोंबडी साधारण पस्तीस ते बेचाळीस दिवसांत बाजारात जाते. चाळीस दिवस धरले, तर ज्या औषधाच्या लेबलवर काही लिहिलेले नाही, ते बाराव्या दिवसानंतर तिला देताच येत नाही. आणि आजार तर बहुधा शेवटच्या पंधरवड्यातच येतात, कारण तेव्हा कोंबड्या मोठ्या होतात, शेड भरून जाते आणि खालचे तूस ओलसर होऊन त्यातून अमोनियाचा उग्र दर्प सुटतो. आमच्या गृहस्थांनी छत्तिसाव्या दिवशी औषध दिले आणि अडतिसाव्या दिवशी माल गेला, म्हणजे मध्ये उणेपुरे दोन दिवस. लेबलवर सात लिहिले होते की अठ्ठावीस, हे त्यांनी वाचलेच नव्हते.

दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेने 2014 च्या जुलैमध्ये दिल्ली व आसपासच्या बाजारांतून घेतलेल्या कोंबडीच्या 70 नमुन्यांच्या तपासणीचे निष्कर्ष जाहीर केले होते. सहा प्रतिजैविकांसाठी ही तपासणी झाली. 70 पैकी 28 नमुन्यांत, म्हणजे शंभरात चाळिसांत, अवशेष सापडले आणि 12 नमुन्यांत एकाहून अधिक औषधे होती. ही दिल्लीकडची आणि दशकभरापूर्वीची गोष्ट आहे. तिच्यावरून आजच्या आपल्या मोहल्ल्यातील दुकानाविषयी निवाडा देणे अन्यायाचे होईल. परंतु त्यांतील नावे पाहण्यासारखी आहेत. एन्रोफ्लॉक्सासिन हे जनावरांचे औषध कोंबडीच्या शरीरात काही अंशी सिप्रोफ्लॉक्सासिनमध्ये बदलते, आणि सिप्रोफ्लॉक्सासिन तेच, जे डॉक्टर आपल्याला लघवीच्या जंतुसंसर्गासाठी लिहून देतात. डॉक्सिसायक्लिनही त्या यादीत होते. तेही माणसांच्या औषधाच्या कपाटातलेच.

येथे एक खुलासा आवश्यक आहे, कारण आपल्याकडे कोंबडीविषयी अफवाही पुष्कळ आहेत. ब्रॉयलरला हार्मोनचे इंजेक्शन देऊन फुगवतात, ही गोष्ट लग्नाच्या पंगतीत हमखास ऐकू येते. ती खरी नाही. हजारो पिल्लांना एकेक करून सुई टोचत बसणे कोणाला परवडणार? ब्रॉयलरची झपाट्याची वाढ ही निवडक पैदाशीची आणि पौष्टिक खाद्याची किमया आहे. तसेच एका ताटातील अवशेषाने माणूस लगेच आजारी पडतो असेही नाही. अपवाद त्यांचा, ज्यांना एखाद्या औषधाची ॲलर्जी आहे. एरवी अवशेषाचे प्रमाण बहुधा अत्यल्प, किलोमागे ग्रॅमच्या दशलक्षांश भागांत मोजावे इतके असते.

मग चिंता कशाची? चिंता त्या जंतूंची, जे कोंबडीच्या आतड्यात या औषधाच्या सान्निध्यात वाढतात. रोज थोडे थोडे औषध मिळाले की दुबळे जंतू मरतात आणि चिवट उरतात. त्यांचीच वंशवेल मग पसरते. पेनिसिलिनचे जनक अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी 1945 मध्ये नोबेल पारितोषिक स्वीकारतानाच्या व्याख्यानात अपुऱ्या मात्रेच्या या धोक्याची जाणीव करून दिली होती. असे निर्ढावलेले जंतू कच्च्या मांसावरून, शेडमधल्या माणसाच्या हातांवरून, शेतात टाकलेल्या कोंबडखतातून आणि सांडपाण्यातून माणसांपर्यंत येतात. पुढे एखाद्या वृद्धाला, एखाद्या बाळंतिणीला संसर्ग होतो आणि डॉक्टरांनी दिलेले औषध लागू पडत नाही. 2019 या एका वर्षात जगभर सुमारे 12 लाख 70 हजार मृत्यू थेट औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंमुळे झाले, असा अंदाज ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात 2022 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतील कितींची मुळे पोल्ट्रीत आहेत, हे कोणी सांगू शकणार नाही. माणसांनी स्वतःच्या तापा-खोकल्यासाठी वाटेल तशा गिळलेल्या गोळ्यांचा वाटा त्यात मोठा आहे.

कोलिस्टिनची कथा मात्र थेट पोल्ट्रीशी जोडलेली आहे. मूत्रपिंडावर होणाऱ्या दुष्परिणामांमुळे डॉक्टरांनी बाजूला ठेवलेले हे जुने औषध, इतर औषधे थकल्यावर, अतिदक्षता विभागात शेवटचा उपाय म्हणून परत आणावे लागले. आणि तेच औषध कोंबड्यांच्या खाद्यात वजन वाढवण्यासाठी मिसळले जात होते! 2015 मध्ये चीनमधील डुकरांत आणि मांसात असा एक जनुक आढळला, जो कोलिस्टिनला दाद न देण्याचा गुण एका जंतूकडून दुसऱ्याकडे सहज पोहोचवतो. भारत सरकारने जुलै 2019 मध्ये अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या जनावरांत, कोंबड्यांत, मत्स्यपालनात आणि खाद्यात कोलिस्टिनच्या वापरावर बंदी घातली. वाढीसाठी प्रतिजैविके देण्यावर स्वीडनने 1986 मध्येच, तर युरोपीय संघाने 1 जानेवारी 2006 पासून पूर्ण बंदी आणली होती. जागतिक आरोग्य संघटनेनेही 2017 मध्ये निरोगी जनावरांना वाढीसाठी वा केवळ भीतीपोटी प्रतिजैविके देणे थांबवावे, अशी शिफारस केली.

तीन दिवस बांधून ठेवलेली कोंबडी

वाचकहो, थांबण्याच्या काळाची ही कल्पना आधुनिक प्रयोगशाळेतून आली असे वाटेल. परंतु तिच्याशी मिळतीजुळती गोष्ट आपल्या फिक्हच्या ग्रंथांत शतकानुशतके शिकवली जात आहे.

जे जनावर घाणीवरच जगते, त्याला ‘जल्लाला’ म्हणतात. ह. अब्दुल्लाह बिन उमर (रजि.) यांच्या कथनानुसार प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांनी जल्लालाचे मांस खाण्यास आणि दूध पिण्यास मनाई केली, हे कथन अबू दाऊद आणि तिर्मिजी यांच्या संग्रहांत आहे. यावरून कोणी असे समजू नये की कोंबडी मुळातच नकोशी आहे. बुखारीत ह. अबू मूसा अशअरी (रजि.) यांचा प्रसंग आहे. त्यांच्या दस्तरखानावर कोंबडी होती. एक मनुष्य हात आखडून बसला. कोंबडीला काही घाण खाताना पाहिल्यामुळे त्याने ती न खाण्याची शपथ घेतली होती. अबू मूसा (रजि.) यांनी त्याला जवळ बोलावले आणि आपण स्वतः प्रेषितांना (सल्ल.) कोंबडी खाताना पाहिल्याचे सांगितले. म्हणजे एखाद्या चोचीने कोंबडी वर्ज्य होत नाही. घाण हेच तिचे मुख्य अन्न झाले आणि मांसात ती उतरली, तर प्रश्न उभा राहतो.

अशा वेळी फकीहांनी काय सांगितले? जनावर फेकून द्या असे नाही. त्याला बांधून ठेवा, स्वच्छ चारा द्या आणि मांस निर्मळ होईपर्यंत थांबा, असे सांगितले. ह. इब्न उमर (रजि.) यांच्याविषयी नोंद आहे की ते अशा कोंबडीला तीन दिवस बंद ठेवत. हनफी ग्रंथांत कोंबडीसाठी तीन, शेळीसाठी चार आणि गाय व उंट यांच्यासाठी दहा दिवसांची मुदत येते. आपल्या कोकणातील बांधव ज्या शाफई मस्लकचे अनुयायी आहेत, त्यात ठराविक दिवसांपेक्षा मांसातील दुर्गंध नाहीसा होण्यावर भर आहे.

प्रतिजैविक ही नजासत नव्हे, हे मी जाणतो. म्हणून या दोन गोष्टी एक आहेत असा फतवा मी देत नाही. तो माझा अधिकारही नाही. मात्र इतके स्पष्ट दिसते की जनावराच्या पोटात गेलेले त्याच्या मांसात उतरते, मांसातले आपल्यात उतरते, आणि ते निघून जाईपर्यंत थांबणे हे खाणाऱ्याचे व विकणाऱ्याचे कर्तव्य आहे, हा विचार आपल्याला परका नाही. आपल्या आजीने गावात फिरलेली कोंबडी पाहुणे येण्याच्या दोन-तीन दिवस आधी डालग्याखाली ठेवून तिला ज्वारी टाकलेली काहींना आठवत असेल. तिने फिक्हचा ग्रंथ वाचला नसेल, पण रीत तिच्यापर्यंत पोहोचली होती.

तर मग ते मांस हराम झाले काय? असे म्हणण्याची घाई करू नये. सूरह अन-नहलच्या 116 व्या आयतीत आपल्या जिभेने मनमानी करून हे हलाल, ते हराम असे ठरवण्यापासून रोखले आहे. रीतसर जबह झालेली कोंबडी, तिच्यात औषधाचा अंश असेल या शंकेने, हराम ठरवता येणार नाही. परंतु जाणूनबुजून ठरलेल्या मुदतीआधी माल विकणे हा वेगळा प्रश्न आहे. तो खाणाऱ्याच्या ताटाचा नसून विकणाऱ्याच्या अमानतीचा आहे.

सहीह मुस्लिममधील तो प्रसंग आपण अनेकदा ऐकला आहे. प्रेषितांनी (सल्ल.) बाजारात धान्याच्या राशीत हात घातला, तर आत ओल लागली. विक्रेता म्हणाला, पावसाने भिजले. प्रेषितांनी (सल्ल.) विचारले की मग ते ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, आणि फसवणूक करणाऱ्याशी आपला संबंध नाही असे बजावले. बारकाईने पाहा: धान्य भिजणे हा त्या माणसाचा अपराध नव्हता, पाऊस कोणाच्या हातात असतो? अपराध ओल खाली दडवण्याचा होता. कोंबडी आजारी पडणे हाही पाळणाऱ्याचा अपराध नाही. आणि आताच्या राशीत तर हात घालूनही ओल लागत नाही. औषधाला रंग नाही, वास नाही. ग्राहकाला ते कळण्याचा कोणताही मार्ग नाही. जेथे घेणारा पूर्णपणे आंधळा असतो, तेथे देणाऱ्याच्या डोळ्यांवर दुप्पट जबाबदारी येते.

तरीही सगळा भार त्या शेडवाल्याच्या डोक्यावर टाकणे मला योग्य वाटत नाही. माल त्याच्या मालकीचा नाही. बाटली त्याने निवडली नाही. गाडी कधी येणार, हे बाजारभाव ठरवतो. तो मालक नाही, राखणदार आहे. पण राखणदाराला जे ठाऊक आहे, त्याविषयी त्याला विचारले जाईल. सूरह अल-माइदाच्या दुसऱ्या आयतीत चांगुलपणात सहकार्य आणि पापात असहकार सांगितला आहे, तो कंपनीचा पशुवैद्य, खाद्य मिसळणारा, व्यापारी आणि पर्यवेक्षक या सर्वांना लागू होतो. आजारी उंटांच्या मालकाने आपले उंट निरोगी उंटांमध्ये आणू नयेत, अशी शिकवण बुखारीत आहे. औषधापूर्वीची काळजी तीच आहे: वेळेवर लस, कोरडे तूस, स्वच्छ पाणी, शेडमध्ये मोकळी जागा आणि दोन खेपांच्या मध्ये शेड काही दिवस रिकामी ठेवणे. यात खर्च आहे. स्वस्त कोंबडीच्या हट्टाने तो खर्च आपणच नाकारत असतो, हेही मान्य करावे लागेल.

घरातल्या काही गोष्टी

भगिनींच्या मनात येईल की आम्ही तर मांस चांगले शिजवतो. शिजवल्याने जंतू मरतात, हे खरे आहे आणि ते मोठे काम आहे. 2006 मध्ये नवापूरला बर्ड फ्लू आला, तेव्हा पूर्ण शिजलेल्या मांसाला भिण्याचे कारण नाही, असे सांगितले गेले ते योग्यच होते. औषधाच्या अवशेषाचे तसे नाही. टेट्रासायक्लिनसारखी औषधे उष्णतेने काही प्रमाणात कमी होतात, एन्रोफ्लॉक्सासिन मात्र बऱ्याच अंशी तसेच राहते आणि त्याचा काही भाग रश्श्यात उतरतो. यकृतात अवशेष अधिक असतात, म्हणून लहान मुलांना दर वेळी आवर्जून पोटा-कलेजी काढून देण्याची माया थोडी आवरावी.

कोंबडी नळाच्या धारेखाली जोरात धुऊ नये. शिंतोड्यांबरोबर जंतू ओट्यावर, शेजारच्या कोथिंबिरीवर जातात. पसरट भांड्यात हळुवार धुवावी, हात साबणाने धुवावेत आणि त्याच सुरीने, त्याच पाटावर कांदा-काकडी चिरू नये. ‘गावरान’ अशी पाटी पाहून निश्चिंत होऊ नये. अंगणात वाढलेल्या कोंबडीला औषध क्वचितच मिळते, हे खरे. परंतु त्या नावाने विकली जाणारी पुष्कळ रंगीत पिसांची कोंबडी शेडमध्येच वाढलेली असते.

दुकानदाराला विचारा. त्याला बहुधा उत्तर माहीत नसेल, तो व्यापाऱ्याकडून माल घेतो. पण दहा घरांनी विचारले तर तो व्यापाऱ्याला विचारील. वलीमा किंवा अकीक्यासाठी शंभर-दोनशे किलोची मागणी देणाऱ्याच्या शब्दाला अधिक वजन असते. त्याने थांबण्याचा काळ पाळल्याची लेखी हमी मागितली तर त्यात गैर काही नाही. हलाल प्रमाणपत्र देणाऱ्यांनाही आपण हा प्रश्न पाठवू शकतो. जबहच्या दाखल्यावरून अवशेषाची तपासणी झाली की नाही, हे कळत नाही. ठोस संशय असेल तर अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते.

आणि आपल्या घरातील औषधाचा डबाही उघडून पाहावा. ज्या गोळ्यांच्या पट्टीवर उभी लाल रेषा असते, त्या डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायच्या नाहीत. मागच्या आजारातल्या उरलेल्या चार गोळ्या शेजारणीच्या मुलाला देणे हा उपकार नव्हे. शेडमधल्या पाण्यात ओतलेली बाटली आणि आपण मेडिकलमधून चिठ्ठीविना आणलेली पट्टी, जंतूंना या दोहोंत काही फरक दिसत नाही.

त्या गृहस्थांना मी शहरातील एका मुफ्ती साहेबांकडे पाठवले. कमाईतील काही रक्कम सदका करावी काय, असे विचारायचे त्यांच्या मनात होते. मुफ्ती साहेबांनी सगळे ऐकून घेतले आणि बाटलीवर किती दिवस लिहिले होते, असे प्रथम विचारले. बाटली तर कचऱ्यात जाळली होती. कंपनीच्या माणसाला फोन केला, त्यालाही नाव नक्की आठवेना. मुफ्ती साहेब म्हणाले, पुढच्या वेळी बाटली घेऊन या, मग बोलू.

परवा त्यांच्या शेडवर गेलो होतो. नवी खेप एकविसाव्या दिवसात होती, पिल्ले दाणे टिपत होती. दाराशेजारी भिंतीवर एक कॅलेंडर टांगले आहे. त्यावर दोन तारखांना निळ्या शाईचे गोल आहेत, शेजारी औषधाचे नाव आणि थांबण्याचे दिवस त्यांच्या पत्नीच्या अक्षरात लिहिले आहेत. खिडकीत दोन रिकाम्या बाटल्या धुऊन ठेवल्या आहेत. गाडीची तारीख अजून कंपनीच ठरवते. या खेपेला ती तारीख मुदतीआधी आली तर काय करणार, असे मी विचारले. त्यांनी कॅलेंडरकडे बोट दाखवले आणि म्हणाले, ‘‘पर्यवेक्षकाला याचा फोटो आधीच पाठवला आहे. उत्तर यायचे आहे.’’